उंबराचे फूल

फार दिवसांनी भेटलेल्या स्नेह्याला आपण ‘अगदी उंबराचे फूल झालात’ असे म्हणतो. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फळे लगडलेली, पण फूल कोणी पाहिलेले नाही, यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. ते फूल मध्यरात्री उमलते व भाग्यवंतालाच दिसते, अशीही समजूत आहे. वनस्पतिशास्त्र मात्र सांगते की, ते भर दुपारी कोणालाही दिसेल. जवळ एक चाकू आणि साधे भिंग असले म्हणजे झाले.

कोवळे, हिरवे उंबर उभे चिरून पाहा. आतल्या पोकळीत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली दिसतील. आपण ज्याला फळ म्हणतो, ती वास्तविक फुलांनी भरलेली बंद कुपीच होय. तिच्या टोकाशी एक चिमुकले दार असते, पण तेही खवल्यांनी मिटलेले. तेथे वारा शिरत नाही, मधमाशीला वाट नाही. मग या कोंडलेल्या फुलांना पराग मिळतात कसे?

हे काम करते गांधीलमाशीच्या गोत्रातील, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक माशी. मादी खवल्यांतून अंग रेटून आत शिरते. त्या धडपडीत तिचे पंख बहुधा दाराशीच तुटतात. परतीची वाट संपलेली असते. बरोबर आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांत पिले वाढतात, उरलेल्या फुलांत बी धरते. शेतकऱ्याने अर्धेलीने जमीन लावावी, तसाच हा व्यवहार!

काही आठवड्यांनी प्रथम नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी संग करून ते कुपीची भिंत पोखरतात आणि त्यांचे आयुष्य संपते. एव्हाना आतली नर-फुले पक्व झालेली असतात. नवी मादी छातीवरील खिशांत पराग भरते व त्या भुयारातून उडून जाते.

तिच्या हाती एखाददुसराच दिवस असतो. तेवढ्यात योग्य अवस्थेतले दुसरे उंबराचे झाड गाठले पाहिजे. वड किंवा पिंपळ तिच्या उपयोगाचा नाही; त्यांचे कीटक निराळे. म्हणून रस्ता रुंद करताना एक उंबर तोडला, म्हणजे केवळ एक झाड गेले असे होत नाही. या माशीच्या प्रवासातला एक मुक्कामही जातो. असे मुक्काम विरळ होत गेले, तर माशीविना बी नाही आणि बियांविना नवा उंबर नाही. इतर झाडांवर फळे नसतात त्या दिवसांत उंबरावर जगणारी पाखरे, वटवाघळे आणि माकडेही मग उपाशी राहतील.

उलगडा झाला की आश्चर्य संपते, अशी तक्रार काही मंडळी करतात. त्यांनी एकदा उंबर चिरून पाहावे. औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्यांनीही पाहावे आणि मुलांना दाखवावे. आत किडे दिसले म्हणून नाक मुरडू नये. ते नसते, तर त्या फळात बी धरले नसते.