घटनास्थळीचा ठसा आणि संगणक



संगणकाला ठसा दाखविला की तो गुन्हेगाराचे नाव सांगतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी का, हे आज मला स्पष्ट करावयाचे आहे.

या शास्त्राची जडणघडण आपल्याच देशात झाली. १८५८ साली विल्यम हर्शेल यांनी बंगालमध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. तेथील अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमातून उभी राहिलेली वर्गीकरणपद्धती मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. दहाही बोटांवरील चक्रांच्या स्थानांवरून तीत १०२४ मुख्य वर्ग पडतात. अडचण नेमकी येथेच होती. चोर दहा बोटांचे ठसे मागे ठेवून जात नाही. एकट्या ठशावरून हजारो पत्रिका धुंडाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

संगणकाने हे काम शक्य केले. रेषा कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो आणि तिची दिशा कोणती, हे बिंदू तो अंकांत नोंदवितो व साठ्यातील नोंदींशी ताडून पाहतो. ठाण्यात शाई लावून घेतलेला ठसा पूर्ण व स्वच्छ असतो. आपल्या सराफ्यातील एखाद्या दुकानाच्या काचेवर उमटलेला ठसा मात्र अपुरा, घसरलेला, कधी दुसऱ्या ठशावर पडलेला असतो. त्वचा लवचिक असल्याने दाबानुसार बिंदूंमधील अंतरे बदलतात. धुळीचा ओरखडा यंत्राला रेषेचा शेवट वाटू शकतो. म्हणून यंत्र एक नाव सांगत नाही. साम्याच्या क्रमाने उमेदवारांची यादी देते. निर्णय तज्ज्ञाने घ्यावयाचा असतो.

१९९२ साली आपल्याकडे 'फॅक्ट्स' ही संगणकप्रणाली आली. पुढे 'नॅफिस' हे राष्ट्रीय जाळे उभे राहिले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या साहाय्याने मृताची ओळख पटविणारे आपले मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य ठरले. मृताची बोटे तज्ज्ञाच्या समोर असतात, ठसा पुन्हा घेता येतो. घटनास्थळीचा ठसा एकदाच मिळतो, हा भेद विसरू नये.

साठा वाढला की खरा गुन्हेगार सापडण्याची शक्यता वाढते, तसेच निरपराध्याशी विलक्षण साम्य आढळण्याचीही. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. स्फोटक साहित्याच्या पिशवीवरील ठशासाठी अमेरिकेच्या एफ.बी.आय.च्या संगणकाने वीस उमेदवार दिले. त्यांतील ओरेगन राज्यातील एका वकिलाचा ठसा जुळतो, असे अनुभवी तज्ज्ञांनी ठरविले आणि त्याला सुमारे दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. तो ठसा एका अल्जीरियन इसमाचा असल्याचे स्पॅनिश पोलिसांनी शोधले. यंत्राने केवळ साम्य दाखविले होते. साम्य म्हणजे एकरूपता हा निष्कर्ष माणसांचा होता. पहिल्या तज्ज्ञाचे मत ठाऊक असले की दुसऱ्याची दृष्टीही तेच पाहू लागते. म्हणून पडताळणी पहिले मत न कळता व्हावयास हवी.

आपला कायदाही ठशाला तज्ज्ञाचे मत म्हणूनच स्वीकारतो. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ आहे. मत म्हटले की त्याची कारणे विचारता येतात. यंत्राचा वेग आपण अवश्य स्वीकारावा, परंतु कोणाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असताना "कशावरून?" हा प्रश्न विचारण्याची, याच वर्गांतून आपल्याला लागलेली सवय सोडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.