मानसिक आजार कार्यालयात सांगावा का, आणि किती

मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या नोकरदाराने तो आजार कार्यालयात सांगावा की नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा धैर्य आणि भीती या दोन शब्दांभोवतीच फिरते. वास्तविक हा प्रश्न बराचसा कायद्याचा आणि कामाच्या स्वरूपाचा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले होते, तेव्हा हा प्रश्न मोजक्या दुर्दैवी लोकांपुरता आहे असेही म्हणता येत नाही.

पहिला गैरसमज गोपनीयतेविषयी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क देतो; परंतु त्यातून येणारे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, कार्यालयातील वरिष्ठांवर नाही. डॉक्टरांनी जपलेली माहिती रुग्णाने स्वतः साहेबांच्या कानावर घातली, की तिला या कायद्याचे कवच उरत नाही. कित्येकदा तर न सांगताही ती कळते, कारण रजेच्या अर्जाला जोडलेल्या दाखल्याच्या माथ्यावरच ‘मानसोपचारतज्ज्ञ’ असे छापलेले असते.

दुसऱ्या बाजूला, संपूर्ण मौनाचीही किंमत असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे, मात्र विचार, मनःस्थिती किंवा स्मरण यांत एवढा बिघाड असावा लागतो की त्यामुळे विवेक, वर्तन किंवा दैनंदिन व्यवहार गंभीररीत्या बाधित होतात. औषधांनी आटोक्यात असलेले सौम्य नैराश्य या व्याख्येत बसेलच असे नाही. हा कायदा ‘वाजवी सोयीसवलत’ ही कल्पना मांडतो, म्हणजे आस्थापनेवर अवाजवी भार न टाकता कामाच्या पद्धतीत केलेला आवश्यक तो बदल. उघडच आहे की जी गरज कोणाला सांगितलेलीच नाही, तिच्यासाठी सवलत मागता येत नाही.

केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेला निकाल येथे महत्त्वाचा ठरतो. या अधिकाऱ्याला मंत्रचळ, म्हणजे नको असलेले विचार पुन्हा पुन्हा मनात येण्याचा विकार, आणि नैराश्य होते, आणि त्याच्यावर गैरवर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवरील अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो आणि आजार हे त्या वर्तनामागचे एकमेव कारण होते असे सिद्ध करण्याची गरज नसून ते कारणांपैकी एक होते एवढे दाखवणे पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा युक्तिवाद उभा राहिला तो उपचारांच्या आणि दिव्यांगत्वाच्या नोंदी हाती होत्या म्हणून. तरीही खाजगी क्षेत्रातल्या वाचकाने हुरळून जाऊ नये: सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही, ही कलम २० मधील तरतूद केवळ शासकीय आस्थापनांना लागू आहे.

म्हणून निदानाचे नाव सांगण्याऐवजी गरज सांगावी, हाच मार्ग बहुतेकांसाठी शहाणपणाचा दिसतो. द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांची आवर्तने येणाऱ्या आजारात, झोपेची घडी विस्कटली की आजार उलटण्याचा धोका वाढतो. अशा व्यक्तीला ‘वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये’ एवढा दाखला अनेक ठिकाणी पुरतो. औषधांमुळे सकाळी गुंगी राहत असेल, तर उशिरा सुरू होणारी पाळी मागता येते. अशी मागणी लेखी आणि मनुष्यबळ विभागाकडे करावी; जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यापाशी मन मोकळे करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची कोठेही नोंद होत नाही.

मौन आणि असत्य यांतही फरक आहे. विचारले नाही ते न सांगणे हा अपराध नव्हे. परंतु नेमणुकीपूर्वीच्या वैद्यकीय प्रपत्रात स्पष्ट प्रश्न असताना ‘नाही’ असे लिहिले, तर पुढे आजार नव्हे, ते खोटे उत्तरच बडतर्फीचे कारण होऊ शकते. विमानचालक किंवा रेल्वेचे इंजिनचालक यांच्याबाबत तर इतरांचा जीव गुंतलेला असल्याने लपवणे समर्थनीय ठरत नाही.

काही सांगण्यापूर्वी वाचकाने एक कागद अवश्य मिळवावा. प्रत्येक आस्थापनेने दिव्यांगांसाठी समान संधी धोरण प्रसिद्ध करावे, असे २०१६ चा कायदा सांगतो, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या धोरणात संपर्क अधिकाऱ्याच्या नेमणुकीची तरतूद असावी, असे २०१७ चे नियम सांगतात. मागूनही ते धोरण मिळत नसेल, तर त्या कार्यालयात निदानाचे नाव उघड न करणेच बरे.