फिल्टर घेण्याआधी : कशाचा फोटो काढायचा आहे?

दुर्बिणीला कॅमेरा जोडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : शहरातून फोटो काढायचेत, कोणता फिल्टर घेऊ? त्यावर माझा उलटा प्रश्न असतो, फोटो कशाचा काढायचाय? कारण फिल्टर प्रकाश वाढवत नाही, तो फक्त अडवतो. काय अडवून चालेल, हे तुमच्या लक्ष्यावर ठरतं.

मृगातला एम ४२ घ्या. हा उत्सर्जन तेजोमेघ. तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे तिथला वायू उजळतो, आणि त्याचा बराचसा प्रकाश मोजक्या तरंगलांबींवर येतो : हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजनची ठळक रेषा ५००.७ला. याउलट देवयानी दीर्घिका म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या वर्णपटात पसरलेला. कृत्तिकांभोवतीची धूळही ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, म्हणून तीही याच गटात.

आता साधं गणित करू. दृश्य प्रकाश ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे पट्टा ३०० रुंद. त्यावर ७ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावला. शहरी आकाशाचा उजेड पट्टाभर सारखा धरला, तर तो साधारण चाळिसाव्या हिश्शावर येतो. तेजोमेघाची लाल रेषा मात्र जवळजवळ पूर्ण आत येते, म्हणून तो उठून दिसतो. हाच फिल्टर देवयानीला लावा. आकाश चाळिसाव्या हिश्शावर, आणि दीर्घिकाही तितकीच मंद! दोघांतला फरक होता तेवढाच राहिला, एक्स्पोजर मात्र लांबलं. दीर्घिकेतले हायड्रोजनचे लाल ठिपके टिपायला तो उपयोगी आहे, अख्ख्या दीर्घिकेला नाही.

मग "प्रकाश प्रदूषण फिल्टर" नावाने मिळतो, त्याचं काय? रस्त्यावर पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा त्याला अर्थ होता. त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो, तेवढा भाग कापला की काम व्हायचं. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत पसरतो. नेमकं कापणार काय?

खरेदीआधी आणखी दोन गोष्टी बघा. साध्या डीएसएलआरच्या आतला फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा मोठा भाग आधीच अडवतो. तो काढलेला नसेल, तर महागड्या फिल्टरच्या हाती उरतंच थोडं. दुसरं, एफ/२ सारख्या वेगवान प्रणालीत किरण तिरके येतात आणि फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो. तिथे ३ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर हवी ती रेषाच गमावू शकतो.

तेव्हा शहरातून तेजोमेघ टिपायचे असतील, तर अरुंद पट्ट्याचा फिल्टर घ्या. कॅमेरा रंगीत असेल, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही सोडणारा दुहेरी पट्ट्याचा बघा. पण जीव दीर्घिकांवर जडला असेल, तर फिल्टरचे पैसे एसटीच्या तिकिटाला ठेवा आणि अमावास्येच्या आसपास अंधाऱ्या गावी जा. अंधाराला पर्याय नाही.