न निवणारी रात्र

मुंबईच्या उकाड्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास १९५२ साल काढतो. त्या वर्षी १४ एप्रिलला सांताक्रूझला ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मार्चचा उच्चांकही जुनाच, १९५६चा, ४१.७ अंशांचा. इतक्या मोटारी नव्हत्या, काचेचे टॉवर नव्हते, तरी पारा इथवर चढला होता; मग आताच हवामानबदलाचा एवढा गवगवा का? आकडे खरे आहेत आणि आक्षेप बिनतोड वाटतो. पण मुंबईची दुपार किती तापणार हे बरंचसं खारा वारा किती वाजता सुटतो यावर ठरतं. दुपार व्हायच्या आत तो आला तर पारा तेहेतीस-चौतीसवर थबकतो. पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले आणि खारा वारा अडून राहिला, तर तोच चाळिशीकडे धावतो. उच्चांक म्हणजे बऱ्याच अंशी त्या एका दिवसाच्या वाऱ्याची लहर. शहराची रोजची हवा कशी बदलते आहे हे पाहायचं, तर दुपार सोडून रात्रीकडे वळायला हवं.

शहराची स्वतःची उष्णता असते हे पहिल्यांदा लक्षात आलं तेही रात्रीमुळेच. ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या हौशी अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहरातली आणि बाहेरच्या गावांतली तापमानं ताडून पाहिली. शहराची रात्र सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सिअसने, उबदार निघाली. दिवस मात्र उलट किंचित थंडच. कारण सोपं आहे. दिवसभर ऊन पिऊन घेतलेली वीट आणि काँक्रीट ते अंधार पडल्यावर परत करतात. इथे एका समजुतीला मुरड घालायला हवी. पत्र्याचं घर दुपारी भट्टी होतं हे खरं, पण पत्रा पातळ. ऊन उतरलं की तो लवकर निवतो. वरच्या मजल्यावरचा काँक्रीटचा स्लॅब तसा नाही. दुपारची ऊब त्याच्या पोटातून खाली झिरपायला काही तास लागतात. जेवणं उरकून अंथरुणं पडतात, तेव्हा छताला हात लावला तर ते कोमट लागतं. झोपडी सोडून पुनर्वसनाच्या इमारतीत, त्यातही शेवटच्या मजल्यावर, गेलेल्या कुटुंबाची रात्र थंड झाली असेलच असं म्हणूनच सांगता येत नाही. समोरची इमारत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ असली, तर भिंतींची ऊब आकाशाकडे जायलाही वाट उरत नाही.

मग हा दोष सिमेंटचा, हवामानबदलाचा नव्हे, असा दुसरा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे, आणि बिल्डरांना मोकळं सोडण्याचा माझा इरादा नाही. पण किनाऱ्यावरच्या शहरात रात्र निवण्याच्या आड आणखी एक गोष्ट येते: हवेतली वाफ. कोरड्या, निरभ्र रात्री जमिनीची उष्णता सहज वर निघून जाते. दमट हवा तीच अडवून धरते. हवा एका अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि वाफ पुरवणारा समुद्र तर शेजारीच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२०चा अहवाल सांगतो, की १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी एक अंशाने तापला.

त्याच अहवालातला एक आकडा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. १९८६ ते २०१५ दरम्यान देशातल्या वर्षातल्या सर्वांत तप्त दिवसाचं तापमान ०.६३ अंशाने वाढलं, सर्वांत थंड रात्रीचं मात्र ०.४ अंशानेच. पण ही मोजणी साऱ्या देशाची आहे, आणि वर्षातल्या एकेका टोकाच्या दिवसाची. नेहमीच्या रात्रींचं पुढे काय होणार, याचा अंदाज तिथेच आहे: उत्सर्जन भरमसाट वाढत राहिलं तर शतकाअखेर उष्ण दिवसांची वारंवारता ५५ टक्क्यांनी वाढेल, उष्ण रात्रींची ७० टक्क्यांनी.

आपली मोजपट्टी मात्र अजून दुपारीच अडकलेली आहे. हवामान खात्याच्या निकषांनुसार किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायची तर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. ‘उष्ण रात्र’ ठरवण्यासाठी तर आधी दिवसाचा पारा चाळिशीवर असावा लागतो. नागपूर-अकोल्याला ही व्याख्या चपखल बसते. मुंबईचा दिवस चाळिशी क्वचितच गाठतो, तेव्हा घामाने उशी भिजली तरी कागदावर तिची रात्र उष्ण ठरत नाही. उष्ण व दमट हवेचे इशारे आता दिले जातात, २०२३पासून उष्मा निर्देशांकही प्रायोगिक तत्त्वावर निघतो. ही सुरुवात चांगली आहे.

मुंबईकराला घामाची सवय आहे, असंही म्हटलं जातं. सवयीला मर्यादा असते. शरीर घाम वाळवून थंड होतं, आणि दमट हवेत तो वाळतच नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्र लागते. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६८ देशांतल्या सुमारे ४७ हजार लोकांच्या मनगटी पट्ट्यांवरच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीस अंशांवरच्या रात्री झोप सरासरी चौदा मिनिटांनी घटलेली आढळली. चौदा मिनिटं किरकोळ वाटतील. पण झोप मोजणारा पट्टा मनगटावर असणारा माणूस पोटमाळ्यावर एका टेबलफॅनखाली चौघांत झोपत नसावा. एसी हा उपाय त्याच्यासाठी आहेच. तो खोलीतली उष्णता, वर खर्चलेल्या विजेची भर घालून, गल्लीत ओततो. आणि २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले ४१ टक्क्यांहून अधिक लोक राहतात झोपडपट्टीत, त्याच गल्ल्यांत खिडक्या उघड्या टाकून.

रात्रीचं म्हणून जे किमान तापमान छापून येतं, ते तरी कुठल्या वेळेचं? बहुधा सूर्योदयाच्या आसपासचं. अकरा वाजता पाठ टेकणाऱ्याला खोलीत किती अंश सोसावे लागले, ते त्या आकड्यात नसतं. आणि पारा सर्वांत खाली येतो तेव्हा अनेक वस्त्यांत नळाखाली हंडे लागलेले असतात.