सर्व्हरची देखरेख व सरासरीचा फसवेपणा

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यातील (इ.स. १६१५ च्या सुमारास) भूमिगत प्रवाह अखेरच्या हौदावरून पुरता कळत नाही, मधल्या कुंड्यांत डोकवावे लागते. जाळ्यातील सर्व्हरचेही तसेच आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क व जाळ्यावरील वाहतूक यांचे आकडे एसएनएमपी पद्धतीने ठराविक अंतराने गोळा करता येतात. प्रथम साध्या आठवड्याची नोंद हवी. तिच्यावाचून ‘जास्त भार’ म्हणण्याला अर्थ नाही. तासाची सरासरी मात्र फसवी. निकालाच्या दिवशी प्रोसेसर १० मिनिटे १०० टक्के व उरलेली ५० मिनिटे ४ टक्के चालला, तर सरासरी २० टक्केच दिसते. विद्यार्थी मात्र त्याच १० मिनिटांत निकाल न पाहता उठून गेलेला असतो. म्हणून नोंद मिनिटागणिक ठेवावी, आणि तीही वेगळ्या यंत्रावर. सर्व्हरच बंद पडला तर कळवणार कोण?