हाडांच्या गोळीचीही मुदत असते

मागच्या कोजागरीला दूध आटवताना आमच्या थोरल्या वहिनी दोनदा खाली बसल्या. विचारले तर म्हणाल्या, "काही नाही भाऊजी, मांडी दुखते. वय झालं आता." कोणी गुडघ्याचे म्हटले, कोणी कमरेची नस म्हटले, आणि पुढचे तीन महिने तेल लावण्यात गेले. शेवटी देवासला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "हाडे ठिसूळ होतात त्यासाठी काही गोळी चालू आहे का? किती वर्षे?"

उत्तर कोणालाच नीट देता येईना. टोंकखुर्दला परत आल्यावर आम्ही औषधखर्चाची जुनी वही काढली. (बँकेतली सवय, निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.) गोळी सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती. आठवड्याला एक, न चुकता. चिठ्ठी एकदाच लिहिलेली. पुढे मेडिकलवर रिकामे पाकीट दाखवले की नवे मिळत गेले.

चूक आमची, घरच्यांची. मुदत ठेवीच्या तारखा आम्हाला तोंडपाठ असतात, पण या गोळीलाही मुदत असते हे ठाऊक नव्हते. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे कळले ते आपल्या मंडळींसाठी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. हे वाचून कोणी आपल्या मनाने औषध बंद करू नये. का करू नये, तेही पुढे येईलच.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. जुने हाड खरवडणाऱ्या पेशी आणि नवे भरणाऱ्या पेशी जन्मभर कामावर असतात. बँकेत मळक्या नोटा परत घेऊन कोऱ्या द्यायच्या, तसाच हा व्यवहार. बायकांची पाळी गेल्यावर खरवड वाढते आणि भरणा कमी पडतो. ॲलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, आयबॅन्ड्रोनेट या गोळ्या आणि वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, ही सगळी बिस्फॉस्फोनेट या एकाच घराण्यातली औषधे. ती खरवडणाऱ्या पेशींचा हात धरतात. त्यामुळे हाड टिकते, मणका आणि खुबा मोडण्याचा धोका कमी होतो. पण हात फार वर्षे धरून ठेवला, तर हाडाला पडणाऱ्या बारीक चिरा दुरुस्त व्हायच्या राहून जातात. मग मांडीचे हाड बाहेरच्या बाजूने जाड होते, तिथे तडा जातो, आणि एक दिवस चालता चालता किंवा साध्या ठेचेने ते आडवे मोडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये याबद्दल इशारा दिला. मोडण्याच्या आधी बऱ्याच जणींना काही आठवडे किंवा महिने मांडीत अथवा जांघेत दुखत असते. वहिनींचे दुखणे नेमके हेच होते. नशिबाने तडाच होता. गोळी थांबवली, हाडात सळई घातली, दुसऱ्या पायाचाही एक्स-रे काढला, कारण हे दोन्ही मांड्यांत होऊ शकते.

हाड दाट म्हणजे मजबूत, हा आपला समज तितकासा खरा नाही. धार जिल्ह्यातल्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने लोकांची हाडे दाट आणि आखडलेली झालेली आहेत. हेच फ्लोराइड एके काळी ठिसूळ हाडांवर औषध म्हणून देऊन पाहिले होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत मणक्याची घनता भरपूर वाढली, पण मणके मोडायचे काही लक्षणीय कमी झाले नाही, आणि बाकीची हाडे उलट जास्त मोडली.

आता हिशेबाची दुसरी बाजू, कारण अर्धा ताळेबंद दाखवणे बरे नाही. कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोन लाख स्त्रियांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतले तर खुब्याची १४९ मोडणी टळतात आणि मांडीची अशी २ होतात, असा त्यांचा हिशेब आहे. आशियाई स्त्रियांत हेच आकडे ९१ आणि ८. म्हणजे आपल्यासारख्यांना धोका जास्त, तरी फायदा कितीतरी मोठा. मात्र वर्षे वाढतात तसा धोका वाढत जातो, आणि औषध थांबवल्यावर लवकर उतरतो.

म्हणून साधारण पाच वर्षे गोळी किंवा तीन वर्षे शिरेतले औषध झाले की डॉक्टर पुन्हा तपासणी करून ठरवतात. धोका कमी असेल तर काही काळ सुट्टी देतात. औषध हाडात मुरलेले असते, त्यामुळे ठेवीवरच्या व्याजासारखा फायदा थोडा काळ मिळत राहतो. ज्यांचा मणका किंवा खुबा आधी मोडला आहे त्यांना बहुधा सुट्टी मिळत नाही.

दर सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायच्या डेनोसुमॅब इंजेक्शनचे गणित अगदी उलटे आहे. ते हाडात मुरत नाही. तारीख चुकली आणि दोन-तीन महिने गेले, की दाबून ठेवलेली खरवड उसळते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. मुलाकडे पुण्याला किंवा अमेरिकेला जाताना नेमके हेच राहून जाते. हे औषध थांबवायचेच असेल तर त्यामागून दुसरे औषध द्यावे लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक रीतीने उतरू शकते. झोलेड्रोनिक ॲसिडच्या आधीही मूत्रपिंडाची तपासणी लागते.

जबड्याबद्दल थोडक्यात. दाढ काढल्यावर जखम भरत नाही, हाड उघडे राहते, असे क्वचित होते. ठिसूळ हाडांसाठीच्या मात्रेत वर्षाला लाखात एक ते दहा जणांना. तरी दाताच्या डॉक्टरला ही औषधे चालू असल्याचे आधी सांगावे, आणि औषध सुरू होण्यापूर्वीच दात दाखवून घ्यावेत.

सकाळच्या चहाचे काय, हा आपल्या माळव्यातला खरा अडचणीचा प्रश्न. गोळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास (आयबॅन्ड्रोनेटला एक तास) आडवे व्हायचे नाही आणि काही खायचे-प्यायचे नाही. आडवे झाले तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. नियम पाळूनही गोळीचा एक टक्कासुद्धा अंगी लागत नाही. चहा-पोह्यांबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर जवळपास वायाच.

आणि ती ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी. आठवड्याला एक, ती ठरावीक आठवड्यांपुरती असते. वर्षानुवर्षे चालू ठेवली तर रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ, बद्धकोष्ठ होते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आम्ही शेजारीपाजारी सहज विचारले, तर दोन घरांत ही पुडी कधी सुरू झाली हे कोणाला सांगता येईना.

वहिनी आता काठी टेकत अंगणात फिरतात. औषधाची सुरू झाल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि औषधाचे नाव त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिले आहे. परवा आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, तुमची वही तुमच्याजवळ राहू द्या."