उजेड कागदाचा

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं एक चित्र अनेक मराठी घरांच्या ओळखीचं आहे. तरुणीच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, आणि बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड. 1945-46 सालचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. कित्येकजण ते राजा रविवर्मांचं समजतात. रविवर्मा तर 1906 सालीच गेले. पण खरा अचंबा पुढेच आहे: हे तैलचित्र नव्हे, जलरंग आहे!

याची छापील प्रत समोर ठेवून तेच चित्र रंगवायला बसा, म्हणजे त्या अचंब्याची खोली कळते. तैलरंगात उजेड शेवटी देता येतो, गडद रंगावर पांढऱ्याचा एक फटकारा मारला की झालं. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. त्यामुळे ब्रश भिजवण्याआधीच ठरवावं लागतं की रंग कुठे लावायचा नाही. ज्योत आधी राखायची, अंधार नंतर तिच्याभोवती आणायचा. नक्कल करताना आपण चित्र उलट्या क्रमाने वाचू लागतो. या सावलीखाली कोणता थर असेल? तो वाळल्यावर हा दिला असेल की ओल्यावरच? नुसतं पाहताना हे प्रश्न पडत नाहीत.

मला सगळ्यात थक्क करतात ती बोटं. दिव्याआड हात धरला की रक्त हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतं आणि तांबडा तेवढा पलीकडे जातो. जलरंगाचा पातळ थरही जवळजवळ तेच करतो: प्रकाश रंगातून आत शिरतो, कागदावर आपटतो, पुन्हा रंगातून गाळून बाहेर येतो. म्हणजे चित्रातली बोटं उजेड दाखवतात तशी तो खरोखर गाळतातही. तिथे अपारदर्शक पांढरा मिसळला की सगळं विझतं. म्हणून फिकट, उबदार वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, आधी, तो पुरता वाळू द्यायचा, मगच बोटांच्या कडेने गडद रंग.

‘वाळू द्यायचा’ हे आमच्या नागपुरात ऋतूवर ठरतं. मे महिन्यात पारा 45 अंशांपल्याड जातो, तेव्हा वॉश खाली पोचेपर्यंत वरचा भाग वाळलेला असतो आणि मध्येच करकरीत कड उमटते. या कडेमागे सुंदर भौतिकशास्त्र आहे. थेंबाची कड कागदाला धरून बसते आणि तिथलं पाणी भराभर उडतं. ती तूट भरायला आतलं पाणी बाहेर धावतं आणि रंगाचे कण कडेला आणून टाकतं. सांडलेल्या कॉफीचं कडं असंच बनतं, आणि त्याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये केला. जलरंगवाले मात्र ती कड कुठे हवी आणि कुठे मोडायची हे केव्हाचे हाताने शिकत आले आहेत.

उन्हाळ्यात पहाटे बसावं, कागद मागूनही ओला करावा, ब्रश मोठा घ्यावा. श्रावणात तोच वॉश इतका वेळ ओला राहतो की घाई केलीत तर अंधार थेट ज्योतीत शिरेल. रंगाला कागदाशी धरून ठेवणारा डिंक आपल्या बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा असतो. वाळल्यावरही तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे दुसरा थर देताना ब्रश एकदाच फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवला की खालची बोटं उचलली जातात.